विरजणातलं जोडवं

चांदी पांढरी असते. चांदीवर काम करणाऱ्याची बोटं काळी असतात.

मिरची कांडताना जो शिंकतो तो पावणा. जो शिंकत नाही तो घरचा.

शिवाजी पेठेत दिवे लागले की भाकऱ्या थापायला घेतात. हुपरीतल्या काही घरांत दिवे लागायच्या आत जेवणं होऊन भांडीसुद्धा पालथी घातलेली असतात.

ताप उतरला की आजार संपला, असं फक्त थर्मामीटरला वाटतं.

गुजरीतल्या सराफांच्या दुकानांना दगडी पायऱ्या आहेत. 'येथे बसू नये' अशा पाट्या आहेत. सगळे बसतात.

*

संयोगिताही बसली होती. बसली म्हणजे – बसावं लागलं. दवाखान्यातून निघाली तेव्हा पाय तिचे होते, गुजरीपर्यंत येता येता ते दुसऱ्याच कुणाचे झाले. डोळ्यांपुढं पिवळं दिसायला लागलं तशी तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.

शेजारी कुणीतरी पिशवी ठेवली. पिशवी छुमछुमली. एखादी वरात पायरीवर येऊन थांबावी, तशी.

"पावणं, जरा सरकून बसा की. वारा येऊ द्या," ती डोळे न उघडता म्हणाली.

"सरकलो असतो. पण तिकडं ऊन न्हाय."

"मार्च महिन्यात ऊन हुडकतोय कोण?"

"ज्याला ऊन हाय तोवर जेवायचं हाय, तो."

तिनं एक डोळा उघडला. मांडीवर डबा उघडून एक उंच, सावळा मुलगा बसला होता. समोरच्या दुकानाच्या छपराला टेकलेला सूर्य तो एका डोळ्यानं सांभाळत होता आणि दुसऱ्यानं डबा. बोटांची टोकं काळी. डब्यात दहीभात. बाकी काही नाही.

"बस हुकली," तो म्हणाला. "घरी पोचंस्तवर अंधार पडंल. दिवस बुडल्यावर आमच्यात जेवत न्हाईत. म्हटलं हितंच उरकावं."

वाऱ्याबरोबर दह्याचा वास आला. गार, गोडसर, जरासा आंबट. गेले कितीतरी दिवस कुठल्याही अन्नाचा वास आला की संयोगिताच्या पोटात ढवळायचं. आज – तिला स्वतःलाच खरं वाटेना – तोंडाला पाणी सुटलं.

"बघताय काय? खावा की."

"अनोळखी माणसाच्या डब्यातलं मी खात न्हाय."

"मग वळख करून घ्या. जिनेश. हुपरीचा. पैंजणं करतो. झाली वळख, आता खावा."

"संयोगिता. शिवाजी पेठ. चटणी कांडतो."

त्याचा चमचा वाटेतच थांबला. "चटणी म्हणजे... कांदा-लसणाची?"

"लसणाबिगर चटणी असती व्हय?"

"असती की. आमच्यात तीच असती."

"ती चटणी न्हवं. ती लाल भुकटी."

तो हसला. हसताना त्याचं सूर्याकडचं लक्ष सुटलं, आणि ते संयोगिताला दिसलं. त्यानं डब्याच्या झाकणात अर्धा भात काढून तिच्यापुढं सरकवला. तिनं एक घास घेतला. मग दुसरा. पोट काही बोललं नाही. ती वाट बघत राहिली – आता बोलेल, आता कळ येईल... पोट गप्प. तेवढ्यासाठीच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट हाय का?" त्यानं विचारलं.

*

झालं होतं असं, की जानेवारीअखेर तिला थंडी वाजून ताप आला. मूत्रपिंडात जंतुसंसर्ग. इस्पितळात सलाईन, सुया, मग घरी आल्यावर जाड कॅप्सूल. औषधं लागू पडली, ताप गेला. पण जाताना तापानं घरातलं सगळं सामान उचलून न्यावं तशी तिची गत झाली. खाल्लेलं ठरेना. जिन्यावर दम लागायचा. आणि जीभ... जिभेला सगळंच पितळेसारखं लागायचं. गूळ पितळ, मीठ पितळ, पाणीसुद्धा पितळ.

"औषधानं घरातले चोर हाकलले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण त्या गडबडीत घरची माणसंही बाहेर गेली. आतड्यात चांगले जंतू असतात, तेच आपलं अन्न पचवायला मदत करतात. त्यांना आता परत बोलवायचं. पेज, ताक, दही, आंबील, केळं. थोडं थोडं आणि सारखं. तिखट बंद. आणि हे बघ, जुलाब वाढले, रक्त दिसलं, परत ताप आला, तर घरचे उपाय करत बसायचं नाही. सरळ इकडं यायचं."

तिखट बंद.

हे वाक्य दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर पथ्य झालं असतं. संयोगिताला ते संकट होतं. तिच्या आत्याचा, बयाबाईंचा, मिरची कांडायचा डंक, म्हणजे कांडपाचं यंत्र, होता. उन्हाळा लागला की अख्ख्या पेठेतल्या बाया वाळवलेली मिरची, भाजलेलं खोबरं, धने, तीळ, तळलेला कांदा-लसूण डब्यांत भरून तिथं घेऊन यायच्या. डंक गावात पुष्कळ होते. पण इथं संयोगिताची जीभ होती. ती चिमूटभर चटणी जिभेवर ठेवायची, डोळे बारीक करायची आणि सांगायची, "वहिनी, मीठ कमी. आणि खोबरं कच्चं राहिलंय." त्या जिभेसाठी बाया लांबून यायच्या. वर्षभराची चटणी बिघडली तर वर्षभराचं जेवण बिघडतं.

आता हंगाम तोंडावर आणि जीभ पितळेची. पोटाला तर चिमूटभर चटणीही सोसायची नाही.

"कुणाला सांगू नगंस," बयाबाई म्हणाल्या. "मी चव बघतो म्हणून सांगतो."

"तुला चव कळती व्हय, आत्या?"

"न्हाय कळत. पण मला कुणी बोलायचं धाडस करत न्हाय."

*

– तुम्ही परत? हितं, डंकावर?

– गुजरीत माल द्यायला आलतो. दही आणलंय.

– कुणाला?

– त्या दिवशी पायरीवर एक पोरगी रडत दहीभात खात होती. तिला.

– रडत न्हवतो. डोळ्यात काहीतरी गेलतं.

– व्हय. भात गेला आसंल.

– ह्या बरणीच्या बुडाला काय वाजतंय? नाणं हाय की ह्यात.

– त्यानंच दही लावलंय. कालचं दही विरजण म्हणून आज लावत न्हाईत आमच्यात. आई रोज नव्यानं लावती. चांदीचं नाणं तापवून कोमट दुधात टाकायचं. सकाळी दही.

– चांदीनं दही लागतंय?

– काहींच्यात करवंटीनं लावतात. काहींच्यात देठाच्या वाळक्या मिरचीनं.

– मिरचीनं? मग मिरची चांगली म्हणा की.

– मिरचीला मी कधी वाईट म्हटलं? लसणाला म्हटलं.

– नाणं परत न्या. आईंना लागंल.

– म्हणून तर परत यावं लागतंय मला.

*

नाणं परत न्यायला तो येत राहिला. नाणं परत आणायलाही येत राहिला.

बयाबाई नाचणीचं पीठ आंबवून रोज आंबील करायच्या, वर ताक आणि जिरं. "पी," एवढंच म्हणायच्या. दुपारी पेज-तूप. संध्याकाळी हुपरीचं दही. मधूनच एखादा दिवस वाईट निघायचा. तेव्हा संयोगिता भिंतीकडं तोंड करून पडून राहायची आणि जिनेश आला तर आत्याला सांगायला लावायची, की झोपली आहे. तो बाहेरूनच म्हणायचा, "झोपेत दही चालतंय का विचारा."

"पोरी," बयाबाई एकदा म्हणाल्या, "दही घेऊन येणारं पोरगं दह्यापायी येत न्हाय."

"मग कशापायी येतंय?"

"माझ्यापायी तर खासच न्हाय."

*

एप्रिलात एका दुपारी वळीव आला. आधी धुळीची वावटळ, मग एकदम काळोख. गच्चीवर गिऱ्हाइकांची मिरची वाळत पडलेली. ब्याडगी एका चादरीवर, संकेश्वरी दुसरीवर. संयोगिता पळत जिना चढली. निम्म्यात आठवलं, की आपल्याला पळता येत नाही... आणि त्याच वेळी कळलं, की आपण पळतोय.

जिनेश बरणी ठेवून मागोमाग वर आला. दोघांनी चादरीची टोकं धरली. पहिले थेंब टपोरे, कोमट. मिरच्यांवर पडले तसा तो वास उठला – माती, ऊन आणि तिखट, सगळं एकत्र.

"हाताला लावू नगा," ती म्हणाली. "चादर धरा नुसती."

तोवर त्यानं सांडलेल्या मिरच्या ओंजळीनं भरल्या होत्या. आणि मग, पावसाचं पाणी पुसायला म्हणून, त्याच हातानं डोळे चोळले.

चांदीच्या भट्टीसमोर दिवस काढणारा माणूस जिन्यात बसून ढसाढसा रडला. संयोगितानं त्याचं तोंड गार पाण्यानं धुतलं, पदर ताकात बुडवून डोळ्यांभोवतीची कातडी पुसली. त्याच्या पापण्या लांब होत्या. हे इतक्या जवळून बघायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

"गेलं का डोळ्यातलं?" तिनं विचारलं.

"न्हाय," तो डोळे मिटूनच म्हणाला. "तुझं दवाखान्याचं कसं चाललंय?"

तुझं, म्हणाला. तिनं ऐकलं. पाऊस पडत राहिला.

*

आणि मग तो दिवस, ज्या दिवशी बरणीत नाणं नव्हतं.

तो घाईत होता, बरणी बयाबाईंच्या हातात देऊन बस गाठायला पळाला. संयोगितानं दही संपवत आणलं, तळाला चमचा लागला आणि वाजला. नेहमीसारखा नाही, जरा बारीक. तिनं बोटानं काढलं, धुतलं.

जोडवं.

लग्नात पायाच्या बोटात घालतात ते. नवं कोरं, चांदीचं, वर बारीक फुलाची नक्षी.

तिचं काळीज असं धडधडायला लागलं, की तिला वाटलं परत ताप चढला. हा माणूस तोंडानं बोलत नाही, बोटांनी बोलतो... दह्यात घालून विचारतो... असलं कोण करतं?

बयाबाईंनी जोडवं उजेडात धरून पाहिलं. "एकच हाय. दुसरं?"

"दुसरं त्याच्याजवळ आसंल."

"आणि तुझ्या मनात काय हाय?"

संयोगितानं जोडवं परत घेतलं. सकाळच्या पहिल्या बसनं ती हुपरीला निघाली. आजारानंतरचा तिचा पहिला प्रवास. खिडकीतून ऊस दिसत होता, पंचगंगेचं पाणी दिसत होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ती पोटावर हात ठेवत होती. रुमालाच्या गाठीत जोडवं.

*

घराच्या पुढच्या सोप्यातच कारखाना. जिनेशची आई, अंजनाबाई, खाली बसून पैंजणाला घुंगरू लावत होत्या. जिनेश भात्यापाशी. संयोगिताला बघून तो उठला आणि उठल्यावर काय करायचं ते विसरला.

तिनं आधी अंजनाबाईंच्या पायाला हात लावला. "काकू, तुमच्या दह्यानं मला उभं केलं."

"माझं काय त्यात? दूध म्हशीचं, काम देवाचं. बस."

ती बसली नाही. गाठ सोडली, जोडवं तळहातावर ठेवून जिनेशपुढं धरलं आणि म्हणाली, "व्हय."

"काय व्हय?"

"हे. माझं व्हय हाय. म्हणून सांगायला आलो."

अंजनाबाईंनी चष्मा वर केला.

"हे तिकडं गेलतं व्हय?" त्या म्हणाल्या. "परवापासून हुडकतोय. एका पोरीची ऑर्डर हाय ती. रात्री नाणं सापडंना, दूध निवायला लागलेलं, हाताला आलं ते टाकलं."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. संयोगितानं जोडवं हळूच पाटावर ठेवलं, "बरं काकू, येतो," म्हणाली आणि बाहेर पडली. कान तापले होते. गल्लीतल्या प्रत्येक घरातून ठोकण्याचा आवाज येत होता आणि तिला वाटत होतं, की सगळे तिच्याबद्दलच बोलताहेत.

जिनेशनं तिला बस थांब्यावर गाठलं.

"ऐकून तरी घे."

"काय ऐकायचंय? चूक झाली. दही खाऊन डोकं बी आंबलं माझं."

"तू आजारी होतीस," तो म्हणाला. धाप लागली होती, तरी शब्द मोजून बोलत होता. "मी दही आणलं. तू बरी व्हायला लागलीस. तू व्हय म्हणालीस. ह्यात माझं काय? ते व्हय दह्याला हाय."

"म्हणजे तुझं न्हाय हाय."

"मी न्हाय कुठं म्हटलं?" तो पहिल्यांदाच रागावला. "पायरीवर बसलीस त्या दिवसापासून विचारायचंय. पण आजारी माणसाला असलं काही विचारू नये. उपकारापोटी व्हय म्हणतं माणूस. मग जन्मभर ते फेडत बसतं. मला तसलं नको. तू बरी हो. तुझी चटणी तुझ्या जिभेवर ठेव. ती पचू दे. मग मी येऊन विचारतो. त्यावेळी न्हाय म्हणायला तुझी जीभ अडखळली न्हाय पायजे."

बस आली. ती चढली. खिडकीतून म्हणाली, "आणि मी व्हय म्हटलं, तर?"

"तर... तर मग माझी जीभ अडखळंल."

*

त्यानंतर तो आला नाही. दही येत राहिलं. गुजरीतल्या दुकानात बरणी ठेवलेली असायची, तळाला नाणं, झाकणाखाली केळीच्या पानाचा तुकडा. तिनं नाणं धुऊन दुकानात ठेवावं, संध्याकाळी ते हुपरीला जावं.

संयोगिताच्या पेठेत कुणी कुणाचे आभार मानत नाही. "आलायस तर जेवून जा," हाच आभार. पण त्या दिवसांत आंबिलीचा पेला तोंडाला लावताना ती मनातल्या मनात एकेकाला म्हणत असे – म्हशीला, नाचणीला. अंजनाबाईंच्या हाताला. रात्री उठून गुपचूप पीठ झाकणाऱ्या आत्याला. ज्यांनी वेळेवर सुया टोचल्या त्या डॉक्टरीणबाईंना. आणि पोटात परत येऊन बिऱ्हाड मांडणाऱ्या त्या बारक्या जिवांना, ज्यांची नावं तिला माहीत नव्हती आणि ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. या या, म्हणे ती. घर तुमचंच हाय.

एका सकाळी गूळ गोड लागला.

मग भाकरीला भाकरीची चव आली. मग मिरचीचं पोतं तिनं एकटीनं उचलून उन्हात टाकलं आणि बयाबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले, वर म्हणाल्या की मिरचीची झार डोळ्यांत गेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावर, भाकरीच्या घासाबरोबर, तिनं मोहरीएवढी चटणी जिभेवर ठेवली.

तिखट. खारट. मागून लसूण. त्याच्या मागून तीळ.

"तीळ जास्ती भाजलेत," ती म्हणाली.

रात्रभर ती पोटाची वाट बघत जागी राहिली. पोट गाढ झोपलं होतं.

*

मे महिन्यात डंकाच्या दारात रिक्षा थांबली. आधी अंजनाबाई उतरल्या, मग दोन डबे, मग जिनेश.

"चटणी कांडून पायजे," अंजनाबाई म्हणाल्या. "आमची. कांदा-लसूण न्हाय. आधी डंक धुवा."

"डंक कुणी धुतंय व्हय, ऐन हंगामात?" बयाबाई म्हणाल्या. रांगेतल्या बायांनी माना वर केल्या.

"मी धुतो," संयोगिता म्हणाली.

तिनं पट्टा सोडला, उखळ रिकामं केलं, ब्रशनं घासलं, गरम पाणी ओतलं, पुसलं, परत ओतलं. वाकून वास घेतला आणि पुन्हा घासलं. अंजनाबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. जिनेश दारात उभा होता आणि शिंका आवरत होता. मिरची पडली, खोबरं पडलं, धने पडले. लाल धूर उठला.

संयोगितानं चिमूट जिभेवर ठेवली. डोळे बारीक केले.

"मीठ कमी हाय, काकू. आणि मिरची गेल्या वर्षीची हाय. दुकानदारानं फसवलंय तुम्हाला."

अंजनाबाईंनी स्वतः चाखून बघितलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "मला बी तसंच वाटलंतं."

मग जिनेश पुढं आला. सगळ्या बायांसमोर. कानापर्यंत लाल, ते मिरचीनं की कशानं कोण जाणे.

"पचती का आता?" त्यानं विचारलं.

"पचती."

"मग इचारू?"

"थांब. आधी माझं ऐक." तिनं हात पदराला पुसले. "एक दिवस तुझं दही लई आंबट होतं. मी बोललो न्हाय. महिनाभर तू तोंड दाखवलं न्हाईस, त्याचा मला राग हाय. अजून हाय. आणि तुझी चटणी ती लाल भुकटीच हाय, मी कांडली तरी. दह्यापायी आभार मी काकूंचे मानलेत, तुझ्याकडं माझी कसली बाकी न्हाय. आता इचार."

त्यानं तोंड उघडलं. शब्द आला नाही. परत उघडलं.

"अडखळला," रांगेतली एक बाई म्हणाली.

"व्हय," संयोगिता म्हणाली. त्याच्याकडं बघत, हळू. "अडखळलास तरी व्हय."

जिनेशला शिंक आली. एक, मग दुसरी, मग थांबेचना. बयाबाईंनी तोंडाला पदर लावला. "पावणा हाय अजून," त्या म्हणाल्या. "हुईल घरचा."

अंजनाबाईंनी कोपऱ्यातल्या पोत्यातल्या ब्याडगीत हात घातला. एकेक मिरची उचलून, देठ शाबूत आहे का ते बघून, त्या ओच्यात टाकत होत्या.

"आमच्या स्वयंपाकघरात लसूण यायचा न्हाय," त्या वर न बघता म्हणाल्या. "हितं काय कांडतीस ते हितं."

"चालंल, काकू."

"आणि ह्या मिरच्या मी नेतो. उद्यापासून दही ह्यांच्यावर लावतो. तू आल्यावर तुझ्या हातनं लाव."

अंजनाबाई लहान असताना, माहेरी, शेतात तण भांगलायला आलेल्या एका बाईच्या भाकरीवरची लसणाची चटणी त्यांनी बांधावर बसून खाल्ली होती. घरी सांगितलं नव्हतं. चटणी त्यांना आवडली होती.